हसणारे तुम्ही, भुर्दंड कुणाला?

वाचक विचारतात, ताई सांगते

गेल्या अंकात ओटीटीवरच्या विनोदी मालिकांबद्दल मी सहज दोन ओळी लिहिल्या होत्या, की अमेरिकेत आणि इंग्लंडात अशा सिटकॉम आहेत ज्यात एकही माणूस धड नसतो, आणि लोक एकतर त्यांच्यावर जीव टाकतात नाहीतर पाच मिनिटांत टीव्ही बंद करतात. त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. म्हणून या वेळी नोकरी, लग्न, सासूबाई सगळं बाजूला, फक्त हेच.

प्रश्न : ताई नमस्कार, मी इंदिरानगरला दादा-वहिनीकडे राहतो, अंबडला जॉबला आहे. रात्री जेवताना आम्ही तिघं काहीतरी लावतो. सध्या मी आणि दादानं 'इट्स ऑलवेज सनी इन फिलाडेल्फिया' धरलंय, पाच जण एक भंगार बार चालवतात, एक नंबरचे स्वार्थी, आम्ही दोघं हसून हसून लोळतो. वहिनी पण बसायची पहिले. मग ते क्रिकेट नावाचं पात्र आहे ना, त्याचं तोंड जळालेलं दाखवलं त्या दिवशी ती ताट घेऊन उठली, म्हणे यात हसण्यासारखं काय आहे ते सांगा मला. दादा म्हणतो हिला सेन्स ऑफ ह्यूमरच नाही. वहिनी म्हणते तुम्हा दोघांच्या डोक्यात गडबड आहे. आता तर तो विषय काढायची सोय नाही घरात. खरं कोणाचं?

उत्तर : आधी दादाला सांग की ते सेन्स ऑफ ह्यूमरचं वाक्य परत तोंडातून काढू नकोस. भांडण विनोदबुद्धीचं नाहीचे मुळात. तुम्ही तिघं एकच सीन बघता पण नजर वेगवेगळ्या माणसावर असते. तुमची दोघांची नजर डेनिस, डी, मॅक, चार्ली, फ्रँक यांच्यावर, म्हणजे उद्योग करणाऱ्यांवर, की आता हे अजून कोणत्या थराला जातायत. वहिनीची नजर तो उद्योग ज्याच्यावर शेकला त्याच्यावर. तू पत्रात एवढंच लिहिलंयस की ती उठून गेली, पण ती नेमकी कुठल्या सीनला उठली ते बघ ना, बरोब्बर क्रिकेटच्या.

ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. क्रिकेट हा या टोळक्याचा शाळेतला ओळखीचा, डीवर पहिल्यापासून जीव असलेला, पुढं कॅथलिक पाद्री झालेला सरळ माणूस. डी स्वतःच्या फायद्यासाठी त्याला नादी लावते, तो झगा सोडून येतो, ही म्हणते मी कुठं काय म्हणाले. तिथून तो रस्त्यावर येतो, नशेला लागतो, आणि दर काही भागांनी परत दिसतो तेव्हा आधीपेक्षा वाईट अवस्थेत. टोळक्याला त्याचं काही नाही. म्हणजे बाकीच्या पाचांचं आयुष्य पुढच्या आठवड्यात शून्यावर येतं, बार तोच, स्टुलं तीच, आणि सगळा भुर्दंड या एकट्याच्या तोंडावर साठत जातो. आता गंमत अशी की क्रिकेटचं काम करणारा डेव्हिड हॉर्न्सबी हा त्या मालिकेच्या लेखकांपैकीच एक आहे, आणि 2017 च्या सीझनमध्ये एक अख्खा भाग क्रिकेटच्या बाजूनं आहे. म्हणजे वहिनी जे बघतेय ते लिहिणाऱ्यांना पक्कं माहितीये, त्यांनी ते मुद्दाम ठेवलंय. वहिनीनं चुकीचं काही पाहिलेलं नाही, उलट मला तर वाटतं तुम्हा दोघांपेक्षा जास्तच पाहिलंय.

मग तुम्ही का हसता? डोक्यात गडबड वगैरे काही नाही. 2010 मध्ये पीटर मॅग्रॉ आणि कॅलेब वॉरन या दोघा अमेरिकन संशोधकांनी एक सोपी मांडणी केली, की आपल्याला हसू येतं तेव्हा दोन गोष्टी एकाच वेळी वाटत असतात, एक म्हणजे हे चुकीचं आहे, आणि दुसरी म्हणजे यात खरं कुणाचं काही बिघडत नाहीये. दोन्हीतली एक जरी गळली तरी हसू गेलं. तुम्हा दोघांना दुसरी गोष्ट अजून वाटतेय, मेकअप आहे, नट आहे, उद्या परत येईल. वहिनीची ती गळली, बास. आणि ती कधी गळते हे ज्याच्या त्याच्या आयुष्यावर असतं. घरात दारूचा त्रास पाहिलेल्या माणसाला दारुड्याच्या जोकवर हसू येत नाही, यात त्याला शहाणपण शिकवण्यासारखं काय आहे?

आता यात सिटकॉमचा पण एक वांधा आहे. आपण कादंबरीत, नाटकात वाईट माणूस सहज चालवून घेतो पण सिटकॉम आपण सोबतीला लावतो, जेवताना, भांडी आवरताना, झोप येत नाही म्हणून. वर्षानुवर्षं ठरलेला करार असा की बावीस मिनिटं गोंधळ घाला पण शेवटी कुणीतरी सॉरी म्हणा, मिठी मारा, आणि आम्हाला शांत झोपू द्या. 'साइनफेल्ड'नं 1989 पासून हा करार मोडला, ती मालिका उभी करणाऱ्या लॅरी डेव्हिडचा नियमच होता की मिठी नाही आणि धडाही नाही. 2005 ला 'सनी' आलं त्यांनी त्याच्याही पुढं जाऊन आपल्याकडं म्हणतात ना, सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसं पंधराच्या वर सीझन चालवलं. 2021 मध्ये त्यांचा पंधरावा सीझन आला तेव्हा खऱ्या नटांच्या अमेरिकन सिटकॉममध्ये सीझनच्या हिशोबानं ती सगळ्यात लांब चाललेली ठरली. म्हणजे सोबतीला म्हणून वाईट माणसं नको असणारे जेवढे आहेत तेवढेच हवी असणारे पण आहेत की.

आणखी एक बारीक गोष्ट. जुन्या सिटकॉममध्ये मागून हशा यायचा, तो हशा आपल्याला परवानगी द्यायचा, हां इथं हसायला हरकत नाही. 'सनी'त तो नाही. मग कुणाच्या बाजूनं हसायचं ते आपलं आपण ठरवायचं, आणि तीन माणसांच्या घरात तीन निकाल लागतात. मेकर्सनी आपली बाजू दाखवलीय पण ती अगदी गुपचूप. सुरुवातीला एखादं पात्र तावातावानं म्हणतं आम्ही असलं कधी करणार नाही, आणि लगेच काळ्या पडद्यावर भागाचं नाव येतं की टोळकं नेमकं तेच करतंय, वर ते जुन्या धर्तीचं गोड गुळगुळीत म्युझिक. तिथं लेखक तुम्हाला डोळा मारतो. ज्यानं तो पकडला त्याला पुढचं सगळं वेगळं दिसतं, ज्याचा तेव्हा पोळीत हात होता त्याला नुसती नालायक माणसं दिसतात.

भुर्दंडाचं सांगितलं त्यावरून परत 'साइनफेल्ड' आठवतं. त्यात जॉर्ज पैसे वाचवायला सगळ्यात स्वस्तातल्या लग्नपत्रिका घेतो, पाकिटं चाटून चाटून त्यावरच्या विषारी डिंकानं त्याची होणारी बायको सुझन मरते, आणि दवाखान्यात बातमी कळल्यावर जॉर्ज आणि त्याचे तीन दोस्त, म्हणजे मालिकेतले मुख्य चौघं, जरा वेळ उभे राहतात आणि मग कॉफी प्यायला जातात. 1996 चा भाग आहे. काही लोक त्या दिवशी कायमचे उठले, काहींना वाटलं याच्याइतकं खरं टीव्हीवर कधी आलंच नाही. पण मोठी फूट पडली 14 मे 1998 ला, शेवटच्या भागात, अमेरिकेत सात कोटींच्या वर लोक बसले होते बघायला. त्यात चौघांवर खटला चालतो, कारण एका माणसाला लुटताना त्यांनी मदत करायची सोडून टिंगल केली. आणि साक्षीला कोण येतं, तर गेल्या नऊ वर्षांत ज्यांची ज्यांची त्यांनी वाट लावली ती सगळी माणसं, एकामागून एक. चौघं एक वर्षासाठी आत. लोक चिडले! इतकी वर्षं हसवलं आणि आता न्यायनिवाडा कसला करताय म्हणून. माझं मत विचारशील तर तो राग चौघांना शिक्षा झाली म्हणून नव्हता, साक्षीदारांच्या रांगेकडे बघताना प्रेक्षकाला कळलं की या प्रत्येकाच्या वेळी आपण पण हसलो होतो.

तर खरं कोणाचं, दोघांचंही नाही आणि दोघांचंही. वहिनीला ओढून बसवू नका. तिघांनी मिळून बघायचंच असेल तर 'फॉल्टी टॉवर्स' लावा, बीबीसीचं, 1975 आणि 1979 मिळून बाराच भाग आहेत. त्यातला हॉटेलवाला बेसिल पण हलकट, खोटारडा, गिऱ्हाइकावर खेकसणारा, पण भुर्दंड शेवटी फिरून त्याच्याच डोक्यावर पडतो. बहुतेक वहिनी तुमच्या आधी हसेल.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे, पंचवटीत राहतो. आमच्या वेळी चिमणराव होता, निर्मळ विनोद होता, घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून हसावं असा. आता माझी नातवंडं जे बघतात त्यात लबाड, दारुडे आणि खोटं बोलणारेच नायक. अशानं मुलं काय शिकणार? विनोदाच्या नावाखाली हे खपवून घ्यायचं का?

उत्तर : सर, नमस्कार. चिमणराव मलाही प्रिय आहे, त्याबद्दल वाद नाही. पण तुमच्याच पिढीनं डोक्यावर घेतलेला एक माणूस तुम्ही यादीतून बाजूला ठेवलात, निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे. अत्र्यांचं 'तो मी नव्हेच' 1962 साली आलं, फिरत्या रंगमंचावर प्रभाकर पणशीकर वेगवेगळ्या सोंगांत येऊन बायकांना फसवणारा माणूस उभा करायचे, आणि थिएटर हसायचं. कोर्टात त्यानं फसवलेल्या बायका समोर उभ्या आहेत आणि हा साळसूदपणे म्हणतो तो मी नव्हेच, की पडला हशा. घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून बघितलंय सर हे, आमच्या आजीनं सुद्धा.

मला तर लखोबा आणि ते वर लिहिलेलं 'साइनफेल्ड' यात एक मजेशीर साम्य दिसतं, दोन्हीकडे कोर्ट आहे आणि दोन्हीकडे फसवलेली माणसं येऊन साक्ष देतात. फरक एवढाच की अत्र्यांनी कोर्ट पहिल्यापासून मांडलं. तुम्ही लखोबावर हसत होतात तेव्हा ती फसवलेली बाई तुमच्या डोळ्यासमोरच होती, हसू आणि चीड एकदम चालू होती, म्हणून कुणी घरी जाऊन भांडलं नाही. अमेरिकेत ते कोर्ट नऊ वर्षं उशिरा भरलं.

आणि लबाडांचा विनोद ही काही नातवंडांनी इंटरनेटवरनं आणलेली गोष्ट नाही. आपल्या नाट्यशास्त्रातल्या दहा रूपकांत प्रहसन आहेच, आणि सातव्या शतकात पल्लव राजा महेंद्रवर्म्यानं स्वतः लिहिलेल्या 'मत्तविलास' या प्रहसनात काय आहे, तर दारू पिऊन झिंगलेला एक कापालिक, त्याचं कवटीचं भिक्षापात्र हरवतं, तो एका बौद्ध भिक्षूवर आळ घेतो, दोघं रस्त्यात भांडतात, आणि पात्र नेलेलं असतं कुत्र्यानं. एकही माणूस धड नाही त्यात. राजानं लिहिलंय म्हणून खपलं असेल म्हणा!

पण तुमची भीती मी हसण्यावारी नेणार नाही, तिच्यात दम आहे. 1971 ला अमेरिकेत सीबीएसवर 'ऑल इन द फॅमिली' सुरू झालं, त्यात आर्ची बंकर हा घरातला कर्ता पुरुष, काळ्यांबद्दल, ज्यूंबद्दल, बायकांबद्दल वाट्टेल ते बोलणारा. मालिका काढणाऱ्या नॉर्मन लिअरला वाटत होतं की आपण या माणसाला हास्यास्पद करतोय. पाच सीझन ओळीनं ती मालिका पहिल्या नंबरवर. मग 1974 मध्ये नील विडमर आणि मिल्टन रोकीच यांनी अमेरिकेतल्या आणि कॅनडातल्या प्रेक्षकांना विचारून पाहिलं, तर ज्यांच्या मनात पूर्वग्रह जास्त त्यांना आर्ची आवडत होता, वादात तोच जिंकतो असं वाटत होतं, आणि ज्यांच्या मनात कमी त्यांना वाटत होतं की काय मस्त उतरवली याची. एकच मालिका, तेच संवाद. म्हणजे लेखकानं आरसा धरला तरी त्यात बघणारा स्वतःलाच देखणा ठरवू शकतो, हे 'आपला तो बाळ्या' आपण पूर्वीपासून ओळखतोच. अगदी 'सनी'वाल्यांचाही अंदाज चुकलाय, गोऱ्या पात्रांनी तोंडाला काळं फासून दुसऱ्या वंशाच्या माणसांची सोंगं घेतलेले त्यांचे काही भाग 2020 मध्ये स्ट्रीमिंगवरनं काढून टाकले गेले, 'काळं फासणारी पात्रंच मूर्ख आहेत' हा बचाव पुरला नाही. पुढच्याच सीझनमध्ये त्यांनी त्याच विषयावर एक भाग केला, तो भाग वेगळा.

तेव्हा सर, बंदी घालू नका, सोबत बसा. आणि मध्येच रिमोट न घेता भाग संपल्यावर नातवाला एकच विचारा, यात तुला कोण शहाणा वाटला. त्यानं नाव सांगितलं तर बोलायला विषय मिळेल, आणि तो म्हणाला की कुणीच नाही आजोबा, सगळेच येडे आहेत, तर निवांत झोपा.

प्रश्न : ताई, मी कॉलेज रोडला शिकते, आम्ही एकांकिका बसवतोय. विषय असा की आजीचा जुन्या नाशकातला वाडा आहे, तो बिल्डरला द्यायचा म्हणून चार नातवंडं तिच्या मागं लागतात, खोटे रिपोर्ट, खोटं आजारपण, वाड्यात भूत आहे असं उठवतात वगैरे. ब्लॅक कॉमेडी म्हणून लिहिलीय. पण तालमीत अर्धी मुलं हसतात आणि अर्धी गप्प. एका मैत्रिणीची आई आलेली बघायला, ती म्हणाली आजीशी असं वागतात का कुणी, आणि निघून गेली. पात्रं थोडी चांगली करू का?

उत्तर : अजिबात करू नकोस! पात्रं चांगली केलीस की ती ना इकडची ना तिकडची होतील, शेवटी कुणीतरी आजीच्या पायावर डोकं ठेवेल, आणि परीक्षक मनातल्या मनात घड्याळ बघतील.

तू स्क्रिप्ट पाठवलीस ती वाचली. गडबड नातवंडांत नाही, आजीत आहे. तुझी आजी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत खाटेवर बसून डोळे पुसते. दोन ठिकाणी तर ब्रॅकेटमध्ये तूच लिहिलंयस की ती हुंदका आवरते. अगं मग प्रेक्षक दुसरीकडे बघेलच कसा? तू चौघांच्या करामती एका कोपऱ्यात दाखवतेस आणि दुसऱ्या कोपऱ्यात एक म्हातारी रडतेय, मैत्रिणीची आई गेली ते तूच उठवलंस तिला. 'साराभाई वर्सेस साराभाई' आठव, माया साराभाई सुनेला उठता-बसता मिडल क्लास म्हणून टोचते, म्हटलं तर छळच आहे तो, पण मोनिशा रडत बसत नाही, ती साडीच्या सेलच्या पिशव्या नाचवत तशीच फिरते, तिला सासूचं काही लागत नाही म्हणून आपल्यालाही माया खुपत नाही. तुझी आजी त्या चौघांच्या वरताण कर. तिला सगळं माहितीये, ती पण खोटं बोलतेय, वाडा तिनं कधीच कुणाला तरी कबूल केलाय. किंवा तसं नको असेल आणि आजी साधीच ठेवायची असेल तर मग तो भुर्दंड सरळ दाखव, लपवू नकोस, पण मग हशे कमी होतील हे धरून चाल.

दुसरं, नातवंडांची कारणं तू फार मोठी ठेवलीस, कर्ज, बिझनेस, अमेरिका. मोठ्या कारणासाठी केलेली नीचता बघताना माणूस गंभीर होतो. हसू येतं ते क्षुल्लक कारणावर. एकाला वाडा विकायचाय कारण गल्लीत त्याची गाडी वळत नाही. एकीला कारण तिला कुठल्याशा लग्नात चुलत बहिणीपेक्षा जड हार घालायचाय. असं लिही की प्रेक्षकातला निम्मा माणूस मनात म्हणेल हे तर मी पण… आणि मग स्वतःलाच दचकेल.

तिसरं वेग. बाप आणि पोरं पैशासाठी एकमेकांच्या जिवावर उठतात हा मसाला काही अमेरिकेचा नाही, तेंडुलकरांच्या 'गिधाडे'त आहे, 1970 मध्ये रंगभूमीवर आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. 'सनी'तला फ्रँक आणि त्याची डेनिस-डी ही पोरं घे आणि त्यांचं बोलणं निम्म्या वेगानं करून बघ, तू जवळजवळ 'गिधाडे'च्या दारात जाऊन उभी राहशील. पाच माणसं एकदम ओरडतायत, कुणी कुणाचं ऐकत नाही, त्या घाईत प्रेक्षकाला दया यायला फुरसतच मिळत नाही. तुझ्या स्क्रिप्टमध्ये प्रत्येक दुष्ट वाक्यानंतर पॉज आहे, आणि पॉजमध्ये माणूस विचार करतो. पॉज काढ.

शेवट मात्र मला आवडला, चौघंही हरतात आणि तरी भूत दाखवायचे पैसे कोणी दिले यावर भांडत बसतात. तो बदलू नको, सरांनी सांगितलं तरी.

प्रश्न : मित्र म्हणतात 'सनी' दुसऱ्या सीझनपासून भारी आहे, तोवर दम धर. मला पहिले चार भाग बघून डोकं दुखलं. सोडू का? (सिडको)

उत्तर : सोड की. मित्रांचं एका अर्थी बरोबर आहे, फ्रँकचं काम करणारा डॅनी डेव्हिटो 2006 ला दुसऱ्या सीझनमध्ये आला आणि त्यानं मालिका खरंच वर उचलली, पण डोकं दुखतंय तर ते काय अभ्यासक्रमात लावलंय का. एक भाग दुसऱ्या सीझनमधला बघ, नाही जमलं तर मित्रांना सांग माझ्याच्यानं होत नाही भो, आणि मिसळ खायला जा त्यांच्यासोबतच.

प्रश्न : मी सातपूरला राहते, लग्नाला तीन वर्षं झाली. माझे मिस्टर असल्या सिरीज खूप बघतात. आता चारचौघांत ते माझ्या वजनावरून, माझ्या माहेरच्यांच्या परिस्थितीवरून बोलतात, सगळे हसतात, आणि मला वाईट वाटलं की म्हणतात डार्क ह्यूमर आहे गं, तुला कळत नाही. मी खरंच फार मनाला लावून घेते का?

उत्तर : नाही गं बाई, मनाला लावून घेण्यासारखंच आहे ते.

तुझ्या मिस्टरांनी त्या मालिकांतलं नेमकं अर्धं उचललंय. 'सनी'मधला डेनिस बायकांबद्दल जे बोलतो ते भयानकच असतं, पोरी पटवायची त्याची एक ठरलेली पद्धत आहे, पायरीपायरीनं समजावून सांगतो तो, ऐकताना अंगावर काटा येतो. पण तिथं डेनिसच्या मागं एक लेखक उभा असतो आणि त्या लेखकाचं सगळं काम एकच, की हा जो स्वतःला भारी समजतोय तो किती पोकळ आहे ते उघडं पाडायचं. बाकीचे त्याच्याकडे विचित्र बघतात, त्याचे बेत फसतात, वय लपवायला तो काय काय करतो ते आपल्याला दिसतं. जोक डेनिसवर असतो. तुमच्या हॉलमध्ये सोफ्यावर बसून तुझे मिस्टर बोलतात तेव्हा मागं लेखक वगैरे कुणी नाही, आणि जोक त्यांच्यावर नाही, तुझ्यावर आहे. भुर्दंड तुला, हशा त्यांना. याला डार्क ह्यूमर म्हणत नाहीत, टोमणा म्हणतात, आणि तो आपल्याकडं सिटकॉम यायच्या कितीतरी आधीपासून आहे, लग्नाच्या पंगतीत सुद्धा.

मालिका बंद करा म्हणून भांडू नकोस, त्यातून ते फक्त चोरून बघायला लागतील आणि बोलणं तसंच राहील. एकांतात आधी एकदा स्पष्ट सांग, की वजन आणि माहेर हे दोन विषय लोकांसमोर काढायचे नाहीत, समजावणं नाही, रडणं नाही, सरळ सांगणं. तुझ्या बाजूनं बोलणारी एखादी नणंद किंवा जाऊबाई असेल तर तिच्या कानावर घालून ठेव. आणि तरी पुढच्या वेळी पाहुण्यांत तेच झालं, परत ते डार्क ह्यूमरचं पालुपद आलं, तर आवाज न चढवता विचार, अहो पण यात मूर्ख कोण ठरलं तेवढं सांगा की. विचारायचं ते तिथंच सगळ्यांसमोर विचार, जोकही त्यांनी सगळ्यांसमोरच केलेला असतो.